पावसाचा हिशोब मांडणारा गणिती : सर गिल्बर्ट वॉकर

जून उजाडला की गावोगावच्या पारावर एकच विषय असतो, यंदा पाऊस कसा? वेधशाळेचा आकडा येतो, की यंदा सरासरीच्या अमुक टक्के पाऊस होणार. सप्टेंबर सरला की दुसरा आकडा येतो, की झालेला पाऊस सरासरीच्या इतके टक्के. या आकड्यांवर टंचाई आराखडे तयार होतात, धरणातल्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, व्यापारी धान्याचे भाव बांधतात. पण ही सरासरी म्हणजे नेमके काय, आणि एका हंगामाचा पाऊस तिच्याशी ताडून पाहताना कोणते पथ्य पाळायचे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका गणिती माणसाने आपल्याच देशात बसून या प्रश्नावर वीस वर्षे घालवली. त्यांचे नाव सर गिल्बर्ट थॉमस वॉकर. एल निनो हा शब्द आज शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्या शब्दापर्यंत शास्त्राची वाट पोचली, तिचा बराच भाग वॉकरसाहेबांनी सिमल्याच्या कचेरीत आखला होता.

दुष्काळातून उभे राहिलेले खाते

वॉकर यांचे काम समजायचे तर आधी त्या काळची परिस्थिती पाहिली पाहिजे. १८६४ साली कलकत्त्याला मोठे चक्रीवादळ झाले. १८६६ मध्ये ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. पावसाच्या आणि वाऱ्याच्या नोंदी तोवर प्रत्येक प्रांत आपापल्या पद्धतीने ठेवीत होता, त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. १८७५ साली सरकारने हिंदुस्थानासाठी एक हवामान खाते काढले आणि हेन्री ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाला त्याचे प्रमुख नेमले. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, दख्खनला महादुष्काळाने गाठले. आपल्या सोलापूर, नगर, विजापूर भागाने तो दुष्काळ किती भोगला, हे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे.

सरकारला पाऊस येण्याआधी इशारा हवा होता. ब्लॅनफर्ड यांच्या ध्यानात आले, की हिमालयात उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बर्फ जास्त राहिला, तर त्या वर्षी मैदानी मुलखात पाऊस ओढ देतो. या आधारावर १८८० च्या दशकात त्यांनी हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यामागून आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाजाचा पसारा वाढवला. पण १८९९ साली घात झाला. अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला तो छप्पनचा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ चा म्हणून लोक त्याला छप्पनचा म्हणत. गुजरात, राजस्थान, मध्य प्रांत, दख्खन, सगळीकडे माणसे आणि गुरे मेली. खात्यावर टीकेची झोड उठली आणि पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता गुप्तपणे सरकारपुरतेच देण्यात आले. अशा वेळी एलियट यांनी आपल्या जागी माणूस सुचवला तो हवामानाचा ओ की ठो माहीत नसलेला, पण गणितात तरबेज.

बूमरँग फेकणारा प्राध्यापक

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या रॉचडेल गावी झाला. वडील इंजिनिअर होते. मुलांचे घर मोठे होते आणि गिल्बर्ट हा थोरला मुलगा. शाळेत असतानाच फिरणाऱ्या भोवऱ्यासारख्या यंत्रांचे त्याला वेड. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर १८८९ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला. हा त्या काळचा सर्वांत मोठा मान समजला जाई. पण अभ्यासाचा ताण इतका झाला, की १८९० मध्ये प्रकृती ढासळली आणि पुढचे काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये हवापालटासाठी काढावे लागले. बरे झाल्यावर ते त्याच कॉलेजात शिकवू लागले.

या माणसाला पुस्तकी म्हणावे, तर तसे नव्हते. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी शिकारीसाठी वापरतात ते बूमरँग, म्हणजे फेकल्यावर परत येणारे वाकडे लाकूड, त्याचा त्यांनी गणिताने अभ्यास केला. नुसता कागदावर नव्हे, तर नदीकाठच्या हिरवळीवर ते स्वतः फेकून पाहत. मित्रमंडळी त्यांना बूमरँग वॉकर म्हणू लागली. पक्षी कसे तरंगतात, बासरीतून सूर कसा निघतो, या गोष्टींवरही त्यांनी लिहिले. आपल्याकडे आल्यावर आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारी-गिधाडांचा अभ्यास केला. जे दिसते ते मोजून पाहायचे, ही त्यांची खोडच होती.

१९०४ च्या जानेवारीत त्यांनी हिंदुस्थानच्या हवामान खात्याची सूत्रे हाती घेतली. वय अवघे ३५. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांच्याच काळात, १९०५ मध्ये, खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून सिमल्याला हलले.

सिद्धांत नाही, तर हिशोब तरी

नव्या साहेबांपुढे मोठा पेच होता. मान्सून कसा चालतो, याचा खरा सिद्धांत त्या वेळी कोणाजवळच नव्हता. आभाळात वर काय चालते हे मोजायची साधने जेमतेम. वॉकर यांनी वेगळा मार्ग धरला. कारण कळत नसेल तर निदान नाते तरी मोजू, असा तो मार्ग. पेरणी करणारा म्हातारा शेतकरी म्हणतो ना, की अमुक खुणा दिसल्या की पाऊस लवकर येतो? वॉकर यांनी अशा खुणा साऱ्या जगातून गोळा केल्या. फरक एवढाच, की प्रत्येक खूण त्यांनी वर्षानुवर्षांच्या आकड्यांवर घासून पाहिली.

यासाठी लागते ती सरासरी. समजा, एखाद्या गावी तीस वर्षांच्या पावसाची सरासरी ६०० मिलिमीटर आहे. यंदा ४८० पडला, म्हणजे सरासरीहून १२० कमी. गेल्या साली ७०० पडला, म्हणजे १०० जास्त. प्रत्येक वर्षाची अशी वजा-अधिक रक्कम काढायची. मग तीच वर्षे घेऊन दूरच्या ठिकाणच्या हवेच्या दाबाचीही वजा-अधिक रक्कम काढायची. दोन्ही रकाने शेजारी ठेवले, की दिसते की एक वर गेले तेव्हा दुसरे वर जाते की खाली. या नात्याला गणितात सहसंबंध म्हणतात. म्हणजे हंगामाचा नुसता आकडा कामाचा नाही. तो दीर्घकालीन सरासरीपासून किती हलला, हे पाहिले तरच बाकीचे बोलता येते.

आज संगणक हे काम क्षणात करतो. त्या वेळी सिमल्याच्या कचेरीत कारकून मंडळी कागद-पेन्सिलीने हजारो बेरजा-वजाबाक्या करीत बसत. पहिल्या महायुद्धात कित्येक अधिकारी लढाईच्या कामावर गेले, तेव्हाही हा आकडेमोडीचा कारखाना चालू राहिला तो या हिंदी कारकुनांच्या जोरावर. त्यांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. पण जगाच्या हवामानशास्त्रातला एक मोठा शोध त्यांच्या बोटांतून उतरला, हे विसरून चालणार नाही.

पहिल्या सूत्रात वॉकर यांनी चार गोष्टी धरल्या : मे महिन्यातला हिमालयातला बर्फ, मॉरिशस बेटावरचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांजिबारचा पाऊस. आपल्या जिरायती रानाचा संबंध दक्षिण अमेरिकेशी जोडणे त्या वेळी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. पण आकडे तसे सांगत होते.

हवामान बदलले का? १९१० चा जबाब

याच सुमारास एक मोठा वाद चालू होता. १८९५ पासून पुढे दहा-बारा वर्षांत अनेक हंगाम वाईट गेले होते, विशेषतः वायव्येकडच्या मुलखात. लोक म्हणू लागले, की पाऊस कायमचा कमी झाला. कोणी जंगलतोडीला दोष दिला, कोणी कालव्यांना. सरकारलाही चिंता होती, कारण पाऊस खरेच कायमचा आटला असेल तर शेतसारा, कालवे, दुष्काळनिधी, सगळ्याचीच मांडणी बदलावी लागली असती.

वॉकर यांनी उपलब्ध नोंदी बाहेर काढल्या आणि हवामानात कायमचा बदल झाला आहे का, या प्रश्नावर १९१० साली खात्याच्या ग्रंथमालेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की वाईट वर्षे लागोपाठ आली हे खरे, पण पाऊस कायमचा घटल्याचा पुरावा आकड्यांत सापडत नाही. चांगल्या आणि वाईट वर्षांचे घोस मागेही येऊन गेले होते. पाच-दहा वर्षांच्या अनुभवावरून दीर्घकाळाचा निकाल देता येत नाही.

हा जबाब ऐकायला रूक्ष वाटतो, पण त्यात शेतकऱ्यासाठी मोठा धडा आहे. माणसाची आठवण ताज्या दुखण्याला चिकटते. लागोपाठ तीन वर्षे पाऊस गेला की आपण म्हणतो, आता पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही. लागोपाठ तीन वर्षे चांगली गेली की आपण विहिरीवर उसाचे क्षेत्र वाढवतो आणि चौथ्या वर्षी फसतो. दोन्ही वेळा चूक एकच. छोट्या काळाला आपण मोठा काळ समजतो.

योगायोगाची भीती

वॉकर यांचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. स्वतःच्याच पद्धतीवर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. शंभर खुणा तपासल्या तर त्यातल्या दोन-चार निव्वळ योगायोगाने पावसाशी जुळलेल्या दिसणार, हे त्यांनी ओळखले. गावात दहा जण दहा प्रकारचे अंदाज सांगतात. त्यातला एक खरा ठरतोच, आणि त्याचा मग वर्षभर उदोउदो होतो. बाकी नऊ कोणी आठवत नाही. तसाच हा प्रकार. म्हणून जितक्या जास्त खुणा चाळाव्यात तितकी त्यातल्या सर्वांत चांगल्या खुणेची कसोटी कडक हवी, असा नियम त्यांनी १९१४ मध्ये गणिताने बांधून दिला. सूर्यावरच्या डागांमुळे पाऊस पडतो-न पडतो, असे त्या काळी बरेच विद्वान मानीत. वॉकर यांनी तेही तपासले आणि नाते अगदीच दुबळे असल्याचे दाखवले.

अंदाज कधी द्यावा, याबद्दलही त्यांचे मत ठाम होते. पाचपैकी चार वेळा खरा ठरेल इतकी खात्री असेल तेव्हाच तो जाहीर करावा, एरवी गप्प राहावे, असे ते मानीत. देशाच्या सगळ्या भागांसाठी एकच आकडा देण्यात अर्थ नाही, हेही त्यांना उमगले. द्वीपकल्पाचा आणि वायव्येचा हिशोब त्यांनी वेगळा केला, आणि ईशान्येकडच्या पावसासाठी उपयोगी नाते सापडत नाही हे मान्य केले.

माणूस पारखण्याची नजरही त्यांच्याकडे होती. १९१३ च्या फेब्रुवारीत ते मद्रासला गेले असता बंदर खात्यातल्या एका गरीब कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. वॉकर यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्या तरुणाला शिष्यवृत्ती द्यावी, अशी शिफारस केली. दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

दोन वर्षे, एक सरासरी

वॉकर यांच्या कारकिर्दीत निसर्गाने सरासरीचा फोलपणाही दाखवून दिला. १९१७ साली देशात मान्सूनचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त झाला. लगेच पुढच्या साली, १९१८ मध्ये, तो सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. दोन्ही वर्षांची बेरीज करून भागाकार केला, तर उत्तर सरासरीच्या जवळपास येते. कागदावर सारे आलबेल. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी पाण्याने आणि दुसऱ्या वर्षी पाण्यावाचून हाल झाले. त्यातच १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि देशात एक कोटीहून जास्त माणसे दगावली. उपाशी शरीराला रोग लवकर धरतो, हे वेगळे सांगायला नको.

सरासरी पाऊस हा कोणत्याही एका वर्षी पडलेला पाऊस नसतो. अनेक वर्षांचा तो मधला बिंदू असतो. त्याच्याबरोबर चढउतार किती मोठा, हेही पाहावे लागते. साऱ्या देशाचा मिळून मान्सून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वर-खाली होतो. पण एका तालुक्यात हा चढउतार कितीतरी मोठा असतो. कोकणात पाऊस दरसाल बराच भरवशाचा. मराठवाड्यात आणि पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मात्र जितकी सरासरी कमी तितका लहरीपणा जास्त. सातारा जिल्ह्यातच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची एकच सरासरी काढली तर ती ना महाबळेश्वरच्या कामाची, ना म्हसवडच्या.

समुद्राचा झोका

वीस वर्षांच्या आकडेमोडीतून वॉकर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रशांत महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. मुले फळीच्या दोन टोकांवर बसून झोका खेळतात, तसे. हा झोका काही महिने एका बाजूला कललेला राहतो, आणि त्याचा संबंध आपल्या मान्सूनशी, ऑस्ट्रेलियाच्या दुष्काळाशी, आफ्रिकेच्या पावसाशी लागतो. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी त्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत भागातल्या अशाच आणखी दोन झोक्यांनाही त्यांनीच नावे दिली.

१९२४ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. सर हा किताब मिळाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा वर्षे हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. इकडे १९२८ मध्ये हवामान खात्याचे ठाणे सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण देशभरच्या पावसाच्या जुन्या नोंदी सांभाळायचे आणि सरासऱ्या काढायचे काम आजही पुण्यातच चालते.

हाती आलेले अपयश, मागाहून आलेले यश

आता खरे ते सांगायला हवे. ज्या कामासाठी वॉकर यांना आणले, ते हंगामी अंदाजाचे काम त्यांच्या हयातीत पुरे साधले नाही. काही वर्षे चांगली जुळणारी नाती पुढे सैल पडत गेली. त्यांच्यानंतर खात्याचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये दाखवले, की आपल्या मान्सूनचे नाते मान्सूनच्या आधीच्या घडामोडींपेक्षा नंतरच्या घडामोडींशी जास्त घट्ट लागते. म्हणजे मान्सून नुसता जगाच्या मागे ओढला जात नाही, तर तोही जगाला ओढतो. अंदाज बांधणाऱ्याला ही काही सोयीची गोष्ट नव्हे. पुष्कळ शास्त्रज्ञांनी वॉकर यांच्या कामाकडे नुसता आकड्यांचा खेळ म्हणून पाहिले.

४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदीत, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. आणि योग असा, की त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष चालू होते. जगभर एकदम मोजमापे घेतली जात होती आणि नेमका त्याच काळात पेरूच्या किनाऱ्याजवळ प्रशांत महासागराचे पाणी तापले होते. या पाण्याच्या तापण्यालाच एल निनो म्हणतात. या मोजमापांच्या आधारे जेकब बिर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवले, की समुद्राचे पाणी तापणे-निवणे आणि वॉकर यांचा हवेच्या दाबाचा झोका ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत. प्रशांत महासागरावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्यांनी १९६९ मध्ये वॉकर यांचे नाव दिले. माणूस गेल्यावर अकरा वर्षांनी त्याच्या कोरड्या आकड्यांना अर्थ मिळाला.

वॉकर यांची पद्धत आपल्याकडे नंतरही चालली. पुण्याचे शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सोळा घटकांचा अंदाज सुरू झाला. पुष्कळ वर्षे तो बरा चालला. १९९७ मध्ये एल निनो फार मोठा होता, पण देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने लहान, अंदाज साधारण पावसाचा, आणि जुलैने दगा दिल्याने हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. त्यानंतर ती पद्धत बदलावी लागली. आता संगणकावर समुद्र आणि हवा यांचे एकत्र गणित मांडून अंदाज देतात. तरीही २०२३ सारखे वर्ष येतेच. हंगाम ९४ टक्के झाला, पण ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. एल निनोने दुष्काळ पडतोच असे नाही, धोका वाढतो, एवढेच.

आपल्या शिवारात हिशोब कसा करायचा?

वॉकरसाहेबांच्या चरित्रातून आपण, म्हणजे शेतकरी, ग्रामपंचायत आणि महसूल कर्मचारी, काय घ्यावे?

पहिले म्हणजे, सरासरी कोणत्या काळाची ते विचारावे. देशाच्या मान्सूनची, जून ते सप्टेंबरची, सरासरी १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांवर ८८ सेंटीमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० ही वर्षे धरली जातात, आणि ती ८७ सेंटीमीटर झाली. पाऊस तोच, पण मोजपट्टी बदलली की टक्केवारीही हलते. दोन बातम्यांतले टक्के ताडताना एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरे, साधारण हा शब्द जपून वाचावा. देशपातळीवर ९६ ते १०४ टक्के म्हणजे साधारण. जिल्हापातळीवर मात्र वजा १९ पासून अधिक १९ टक्क्यांपर्यंत साधारणच धरतात. पाचशे मिलिमीटर सरासरीच्या भागात ४०५ मिलिमीटर पडला तरी कागदावर हंगाम साधारण. पण ज्वारीला आणि विहिरीला तो साधारण वाटेलच असे नाही.

तिसरे, पाऊस किती यापेक्षा कधी आणि कसा, याला पिकाच्या लेखी जास्त किंमत. एका दिवसात मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तर आपल्याकडे त्याला अतिवृष्टी म्हणतात. समजा, महिन्याची सरासरी १५० मिलिमीटर आणि तेवढा पाऊस दोन दिवसांत कोसळून बाकी २८ दिवस खंड पडला. सरासरी शंभर टक्के भरली, पण पीक गेले, माती वाहिली आणि वाफसा काही मिळाला नाही. म्हणून पावसाच्या एकूण आकड्याशेजारी पावसाचे दिवस आणि सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, हे दोन आकडे लिहावेत. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तरच तो पावसाचा दिवस धरायचा.

चौथे, नोंद नीट ठेवावी. वॉकर यांना १९१० चा जबाब देता आला, कारण त्यांच्याआधी कोणीतरी रोज सकाळी न चुकता पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहिले होते. आज राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे आहेत. पण मंडळातल्या एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरड, हा अनुभव सगळ्यांचा आहे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने मोकळ्या जागी एक साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद केली, तर दहा वर्षांत गावाचा स्वतःचा ताळेबंद तयार होतो. झाडाखाली, भिंतीला लागून मापक ठेवू नये. शून्य पाऊस असला तरी शून्य लिहावे. रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटी हवामान बदलाची गोष्ट. वॉकर यांनी १९१० साली बदल नाही म्हटले, म्हणून आजही नाही, असे कोणी समजू नये. त्यांचा जबाब त्या वेळच्या नोंदींवर होता. त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या नोंदी त्याच शिस्तीने तपासल्या, तर वेगळे दिसते. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. म्हणजे वर्षाच्या बेरजेत फार फरक न पडता पावसाची चाल बदलते आहे. हे एका वाईट हंगामावरून कोणी ठरवलेले नाही, दीर्घ नोंदींवरून ठरले आहे. म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा.

यंदाचा पाऊस कसा, हा प्रश्न पारावर राहणारच. सरासरी म्हणजे त्याचे भाकीत नव्हे, ती केवळ ताडून पाहायची खूण आहे. देशाच्या टक्केवारीवर न विसंबता आपल्या मंडळाच्या नोंदीकडे पाहावे, आणि लागोपाठच्या दोन-तीन वर्षांवरून, चांगल्या किंवा वाईट, शेतीची कायमची घडी बदलू नये. विहीर खोदायची, फळबाग लावायची, उसाचे क्षेत्र वाढवायचे, असे वीस वर्षांचे निर्णय घेताना निदान वीस-तीस वर्षांचा पाऊस समोर ठेवावा. आणि पेरणीसारखा या आठवड्याचा निर्णय घेताना सरासरी बाजूला ठेवून जमिनीतली ओल पाहावी.